तार आली की तार तुटली?

नाशिकच्या आजच्या लोकल पेपरात 'तार' कुठे येते बघा. अवकाळीने द्राक्षबागेचा मांडव झोपला, तारा तुटल्या, नाहीतर विजेची तार पडून जनावर दगावलं. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी पेपरात मात्र तार सर्रास 'यायची', मुंबईहून, कलकत्त्याहून, थेट लंडनहून. अक्षरं तीच पण आजूबाजूची मंडळी, म्हणजे शेजारचे शब्द, वेगळी, आणि जुन्या छापील मजकुरातून शब्दाचा अर्थ हुडकायचं शास्त्र या मंडळींवरच उभं आहे.

आधी सालं बघू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश 1831 चा. 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 1832 ला निघालं आणि 1840 ला बंद पडलं. मोर्सचा तारेवरून पाठवलेला तो प्रसिद्ध संदेश वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला गेला 1844 मध्ये, आणि आपल्याकडे तारायंत्राचं जाळं पसरलं 1850 च्या दशकात. म्हणजे 'दर्पण'मध्ये 'तार' दिसली तर ती धातूची किंवा वाद्याची असणार, टेलिग्रामचा अर्थ तिथे शक्यच नाही. पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' मात्र 1849 ते 1951 चालला, त्यामुळे हा सगळा बदल एकाच पेपरात उतरलेला सापडू शकतो, आणि असा सलग साठा संशोधकाला सोन्यासारखा असतो.

आता खरी गंमत. 'पितळेची तार' आणि 'मामांची तार', दोन्हीकडे 'ची' एकच, पण पहिल्यात ती वस्तू कशाची बनलीय ते सांगते आणि दुसऱ्यात कोणी पाठवली ते. त्याहून पक्का पुरावा क्रियापदाचा. धातूची तार ताणतात, ओढतात, जोडतात, ती गंजते, तुटते. निरोपाची तार येते, तार करतात, तार ठोकतात (तारमास्तर खटखट करत ठोकायचा, त्यातूनच आलं असावं). म्हणून कॉम्प्युटरला सांगायचं की 'तार' जिथे येईल तिथे मागचे-पुढचे पाच-पाच शब्द काढून दे, मग दर दहा वर्षांची यादी करून बघायचं की 'आली' कधी वाढलं आणि 'तुटली' कधी मागे पडलं. मोजताना मात्र दर लाख शब्दांमागे किती वेळा असं मोजायचं, कारण चार पानांचं साप्ताहिक आणि सोळा पानांचं दैनिक यांची थेट तुलना करून काही कळत नाही.

याच कल्पनेवर 2013 मध्ये गूगलच्या संशोधकांनी वर्ड-टू-वेक नावाची पद्धत आणली, त्यात शेजारच्या शब्दांवरून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक रांग मिळते आणि दोन काळांतल्या रांगा ताडून अर्थ किती सरकला ते मोजता येतं. त्याच वर्षी जुलैत भारतातली तारसेवा बंद झाली, निव्वळ योगायोग.

पण मराठीत एक मोठी अडचण आहे आणि तिच्याबद्दल मला फार पोटतिडकीने बोलावंसं वाटतं. 'तारा' शोधलं की वायरीही येतात, आकाशातला तारा पण येतो आणि तारा नावाची बाईही, तिथे पुन्हा शेजारचे शब्दच बघावे लागतात. दुसरं म्हणजे जुन्या छपाईत 'तारेनें', 'तारेंत' असे अनुस्वार असायचे, ते 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. आज 'तारेत' टाइप केलं तर साधा सर्च 'तारेंत' दाखवतच नाही, आणि रिझल्ट शून्य आला की माणूस समजतो शब्द वापरातच नव्हता. यावर उपाय सोपा आहे, शोधताना मशीनला दोन्ही रूपं एकच धरायला लावायची. त्याऐवजी हौशी मंडळी जुने अंक टाइप करताना अनुस्वार 'सुधारून' टाकतात, हे अगदी चुकीचं आहे. ते टिंब काळाचा पुरावा आहे, तारीख फाटलेलं पान 1962 च्या आधीचं की नंतरचं याचा अंदाज त्यावरूनही येतो. घरी आजोबांच्या पेटीत जुने अंक असतील आणि तुम्ही ते टाइप करणार असाल तर जसं छापलंय तसंच उतरवा, छपाईची चूक दिसली तरी तशीच ठेवा, आणि अंकाची तारीख प्रत्येक फाइलच्या नावातच टाका.