निळ्या पोर्टशेजारचा डाँगल

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या मागे एक छोटा कॉम्प्युटर बसवलेला आहे, साधारण मिसळणाच्या डब्याएवढा. त्याला एक हार्ड डिस्क जोडलेली. तिच्यात जुने सिनेमे, नाटकांची रेकॉर्डिंगं, घरातल्या लग्नांचे व्हिडिओ. आई आतल्या खोलीत टॅबवर त्यातलं काहीतरी लावून बघत बसते. गेल्या पावसाळ्यात तिची तक्रार सुरू झाली की नाटक सारखं अडतंय. आम्ही सगळ्यांनी इंटरनेटला दोष दिला आणि नेटवाल्याला दोनदा बोलावलं. खरं तर इंटरनेटचा यात काही संबंधच नव्हता. फाइल घरातली, बघणारी घरातली. प्रवास काय तो कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत आणि राउटरपासून टॅबपर्यंत.

हा प्रवास दोन टप्प्यांचा आहे, आणि अशा घरगुती सिनेमाघरासाठी वायफाय अडॅप्टर, म्हणजे कॉम्प्युटरला वायफायशी जोडणारं उपकरण, निवडताना आधी तेच लक्षात घ्यायला हवं. दोन्ही टप्पे एकाच चॅनेलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या एकाच वाटेवर असतील, तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, म्हणून हाती येणारा वेग निम्म्यावर येतो. कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत तार टाकता येत असेल तर सरळ तारच टाका. त्यापुढे कुठल्याही अडॅप्टरचा विचार करायला नको. आमच्याकडे मध्ये पॅसेज आणि दोन दारं आहेत, त्यामुळे ते जमलं नाही.

मग वेग लागतो किती? डीव्हीडीच्या दर्जाला सेकंदाला जास्तीत जास्त १० मेगाबिट पुरतात. ब्लू-रे डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल ४० ते ४८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकते. फोर-केच्या डिस्कची कमाल मर्यादा १२८ मेगाबिट आहे. अडॅप्टरच्या खोक्यावर मात्र ‘१२००’ असा आकडा छापलेला असतो, आणि तो बघून वाटतं की आता काळजीच मिटली. हा आकडा म्हणजे वायफायच्या दोन रेडिओ-पट्ट्यांवरच्या वेगांची बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मिळून ११६७, तेच पुढे १२०० होतात. अडॅप्टर एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्यावर काम करतो. शिवाय हा वेग हवेतला आदर्श वेग आहे. पोचपावत्या, आपली पाळी येईपर्यंतची वाट बघणं, चुकलेले तुकडे पुन्हा पाठवणं यांत साधारण निम्मा खर्ची पडतो.

आता स्वस्तातला, एकाच अँटेनाचा, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा डाँगल, म्हणजे यूएसबी पोर्टात खोचायचा छोटा अडॅप्टर घ्या. नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर त्याचा आदर्श वेग ७२ मेगाबिट. प्रत्यक्षात मिळतात जेमतेम ४०, आणि दोन टप्प्यांत वाटले की उरतात २०. ब्लू-रेची फाइल यातून जाणार कशी? त्यात या पट्ट्यावर गर्दी फार. भारतात २००५ पासून तो विनापरवाना वापरता येतो. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे इथेच, आणि एकमेकांवर न चढणारी चॅनेलं मात्र १, ६ आणि ११ अशी तीनच. ५ गिगाहर्ट्झवर जागा कितीतरी मोकळी आहे, भिंतीत मात्र त्या लहरी जास्त जिरतात. तरी शहरातल्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी डोळे मिटून ५ गिगाहर्ट्झ निवडेन. शेजाऱ्याचा सिग्नलही भिंतीतच जिरतो, हा त्यातला फायदा.

अँटेनांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दोन अँटेना असलेला अडॅप्टर दोन वेगळे प्रवाह एकाच वेळी पाठवतो. भिंतींवरून, कपाटांवरून उलटणाऱ्या लहरी दोन्ही अँटेनांना थोड्या वेगळ्या ऐकू येतात, आणि त्या फरकावरून गणिताने दोन्ही प्रवाह सुटे करता येतात. हा फरक पडायला दोघींत साधारण अर्ध्या तरंगलांबीचं अंतर असलेलं बरं. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर, म्हणजे अंतर झालं सहा सेंटीमीटर. ५ गिगाहर्ट्झला तीनच्या आत भागतं. नखाएवढा डाँगल दिसायला छान दिसतो, पण त्यात दोन अँटेना अशा ऐसपैस बसणार कुठे? तो टीव्हीच्या मागे, लोखंडी स्टँडला चिकटून बसला की उरलंसुरलंही जातं.

आमचा दोष मात्र याहून वेगळा निघाला. डिस्क काढून ठेवली की वायफाय ठणठणीत, जोडली की पुन्हा रडगाणं. कॉम्प्युटरच्या मागे दोन निळे पोर्ट शेजारी-शेजारी होते. एकात डिस्क, दुसऱ्यात डाँगल, मध्ये बोटभरही जागा नाही. निळा रंग ही बहुतेक वेळा यूएसबी ३.० ची खूण असते. त्यातून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. इतक्या वेगाने होणारी उघडझाप म्हणजे स्वतःच एक रेडिओ गोंगाट. तो शून्याच्या जवळपासून वर पसरतो आणि ५ गिगाहर्ट्झपाशी जवळजवळ मावळतो. २.४ चा पट्टा नेमका या गोंगाटाच्या पोटात येतो. इंटेलने २०१२ साली यावर तपशीलवार लेख प्रसिद्ध केला होता. पोर्टाच्या आणि डिस्कच्या जोडणीतून हा आवाज झिरपतो. शेजारच्या डाँगलला राउटरचं क्षीण बोलणं त्यात ऐकू येत नाही, जसं मिक्सर चालू असताना दारावरची हाक ऐकू येत नाही.

उपाय अगदी साधा होता. मीटरभर लांबीची, काळ्या टोकाची यूएसबी २.० एक्स्टेंशन केबल आणली आणि डाँगल टीव्हीच्या वर, भिंतीवर चिकटवला. यूएसबी २.० चा आदर्श वेग ४८० मेगाबिट. सिनेमाला तो पुरून उरतो, आणि डाँगल या केबलवर असेपर्यंत स्वतःही तो गोंगाट करत नाही.

पुढे आम्ही दोन बाहेरच्या अँटेनांचा, दोन्ही पट्ट्यांवर चालणारा अडॅप्टर घेतला. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, म्हणून आधी आतली चिप कोणती ते शोधलं. नाव आणि मॉडेल तेच ठेवून कंपन्या पुढच्या आवृत्तीत आतली चिप बदलतात, आणि चालतं की नाही ते चिपवर ठरतं. जिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आहे ती लावल्या लावल्या चालते. जिचा ड्रायव्हर बाहेरून आणून बसवावा लागतो, ती प्रत्येक अपडेटनंतर बंद पडायची भीती. दुकानदाराला खोक्याच्या तळाशी छापलेला आवृत्तीचा क्रमांक वाचायला लावला, मगच पैसे दिले.

आईने त्या रात्री तीन अंकी नाटक पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत सलग बघितलं. केबल भिंतीवर दिसते, ती टीव्हीमागे लपवायला तिची अजूनही परवानगी नाही.