न बांधायच्या इमारती : काल्पनिक दालनांच्या मॉडेल्समागचा इतिहास

एखादा शिल्पकार पुठ्ठा, लाकूड, प्लास्टर घेऊन जगात कुठेच नसलेल्या कलादालनाचं मॉडेल करतो आणि तेच आपलं शिल्प म्हणून प्रदर्शनात मांडतो. आज हे कुणाला खटकत नाही. पण शेकडो वर्षं मॉडेल हे निव्वळ कामाचं साधन होतं. पैसे देणाऱ्याला इमारत दाखवायची, मंजुरी मिळवायची, गवंडी-सुतारांना मापं समजावायची, की त्याचं काम संपलं. १५व्या शतकात इटालियन वास्तुविशारद अल्बेर्तीने वास्तुकारांना बजावलंच होतं की मॉडेल साधं ठेवा, रंगरंगोटीने बघणाऱ्याचे डोळे दिपवू नका. मॉडेल देखणं असणं म्हणजे त्याच्या लेखी एक प्रकारची लबाडीच.

गंमत अशी, की त्या परंपरेतली जी मॉडेल्स लोक आज मुद्दाम जाऊन बघतात, त्यातली काही नापास झालेली आहेत. रोमच्या सेंट पीटर्स चर्चसाठी धाकट्या अंतोनियो दा सांगालोने १५३९ पासून लाकडी मॉडेल करून घ्यायला सुरुवात केली. लांबी ७ मीटरहून जास्त. १५४६ मध्ये सांगालो गेला, काम मायकेलअँजेलोकडे आलं आणि त्याने तो आराखडाच बाजूला सारला. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलसाठी ख्रिस्तोफर रेनने १६७३-७४ मध्ये ओक लाकडाचं ६ मीटरपेक्षा लांब मॉडेल बनवून घेतलं. खर्च सुमारे ६०० पौंड. तेवढ्यात त्या काळी लंडनमध्ये एक चांगलं घर झालं असतं. चर्चच्या मंडळींना तो आराखडा पटला नाही. दोन्ही मॉडेल्स अजून शाबूत आहेत. त्या आराखड्यांप्रमाणे इमारत झालीच नाही, त्यामुळे मॉडेलची तुलना कशाशी करणार? मॉडेल हीच मूळ कृती होऊन बसली. या कलाप्रकाराचं बीज मला तरी इथे दिसतं, रेन किंवा सांगालोच्या मनात तसं काही नसताना.

दुसरा धागा चित्रकलेतून येतो. इटालियन चित्रकार जोव्हान्नी पाओलो पानिनीने १७५७ मध्ये जोडचित्रं रंगवली : एका भव्य दालनात प्राचीन रोमच्या वास्तूंची चित्रं दाटीवाटीने टांगलेली, दुसऱ्यात त्याच्या काळच्या रोमची. दालन सगळं मनातलं. त्याच्याही पुढची मजल फ्रेंच चित्रकार यूबेर रोबेरची. हा पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातल्या संग्रहाची व्यवस्था बघणाऱ्यांपैकी एक होता. १७९६ मध्ये त्याने लूव्ह्रच्या मोठ्या दालनाची दोन चित्रं मांडली. एकात छतातून उजेड येणारं, नीट सजवलेलं दालन. दुसऱ्यात तेच दालन छत कोसळून भग्न झालेलं. ज्याच्या हाती संग्रहालयाचा कारभार, त्यानेच त्याचा शेवटही रंगवून ठेवावा, हा धीटपणा आजच्या किती अभिरक्षकांना जमेल?

विसाव्या शतकात इमारतीचं ओझं मॉडेलच्या खांद्यावरून उतरलं. रशियन कलावंत तात्लिनने तिसऱ्या इंटरनॅशनलच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, स्मारकाचं मॉडेल १९२० मध्ये पेट्रोग्राडला मांडलं. मनोरा ४०० मीटर उंच व्हायचा होता, झाला नाही. त्यामागे निदान बांधण्याची इच्छा तरी होती. त्याच्याच देशातल्या चित्रकार मालेविचच्या प्लास्टरच्या 'आर्किटेक्टॉन'ना तीही नव्हती. ठोकळ्यावर ठोकळे, ना कुणाच्या राहण्यासाठी, ना कसल्या कामासाठी.

दालनाच्या मॉडेलची खरी सुरुवात मात्र मी एका बाहुलीघरापासून धरतो. न्यूयॉर्कच्या कॅरी स्टेटहायमरने १९१६ ते १९३५ या काळात आपला बराचसा वेळ एक घर सजवण्यात घातला. तिच्या बहिणींकडे नव्या चित्रकारांचा राबता असे. त्यांनी या घराच्या नृत्यदालनासाठी आपल्याच कामांच्या चिमुकल्या आवृत्त्या करून दिल्या. जिना उतरणाऱ्या नग्नाकृतीच्या ज्या चित्रावरून १९१३ मध्ये शहरात गदारोळ झाला होता, ते मार्सेल द्युशाँने तळहातावर मावेल एवढं पुन्हा काढून दिलं. शिल्पकार गॅस्टन लाशेझने अलाबास्टर या मऊ दगडाची इवली मूर्ती घडवली. १९४४ मध्ये कॅरी वारली, तेव्हा ही चित्रं भिंतीवर लागलेली नव्हती. ती बहीण एटीने लावली आणि घर शहराच्या संग्रहालयाला दिलं. बाहुलीघर म्हणून बायकांच्या हौसेच्या खात्यात ते इतकी वर्षं टाकलं गेलं. आधुनिक चित्रांचं एक अस्सल छोटं दालन म्हणून त्याची गणना व्हायला उशीरच झाला.

द्युशाँने पुढे स्वतःचंच संग्रहालय पेटीत भरलं. १९३५ ते १९४१ दरम्यान जुळवलेल्या या पेटीत त्याच्या ६९ कामांच्या प्रतिकृती होत्या, पोर्सिलेनच्या मुतारीचीसुद्धा. पेटी उघडली की बाजूच्या चौकटी सरकून उभ्या राहतात आणि मांडणी तयार होते. नंतर स्विस कलावंत हर्बर्ट डिस्टेलने दोऱ्याची रिळं ठेवायच्या जुन्या कपाटाचं संग्रहालय केलं : २० खण, प्रत्येकात २५ कप्पे, आणि एकेका कप्प्यात एकेका कलावंताचं काम. कुणाला आत घ्यायचं हे एरवी संग्रहालयं ठरवतात. इथे तो अधिकार कलावंताने स्वतःकडे घेतला. काल्पनिक दालनं रचण्यामागचा सगळ्यात मोठा मोह हाच असावा.

इमारतींच्या बाजूने बघायचं तर अमेरिकन कलावंत चार्ल्स सायमंड्स हे नाव टाळता येत नाही. १९७० च्या दशकात तो न्यूयॉर्कच्या पडक्या भिंतींच्या खाचांत, फुटपाथच्या कडेला कच्च्या मातीच्या नखाएवढ्या विटा चिमट्याने एकेक रचून घरं बांधत असे. राहणारे 'छोटे लोक' कधी दिसत नाहीत, ते घर सोडून पुढे गेलेले असतात. ही घरं टिकवण्याचा त्याचा हेतूच नव्हता, बरीचशी मोडली. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्येच मॉडेलला स्वतंत्र कृती मानणारं प्रदर्शन वास्तुकारांच्या एका संस्थेने भरवलं. त्यात कलावंत गॉर्डन मॅटा-क्लार्कने छऱ्यांच्या बंदुकीने त्या संस्थेच्या खिडक्याच फोडल्या. काचा लगोलग बदलण्यात आल्या.

अमेरिकन कलावंत माइक केलीने १९९५ मध्ये आपलं बालपणीचं घर आणि आपण शिकलो त्या सगळ्या शाळा-कॉलेजांची पांढरी मॉडेल्स एकत्र जोडून एक संकुल केलं. जो भाग आठवला नाही, तो त्याने कोरा, भरीव ठोकळा ठेवला.

आणि बॉडीस इसेक किंगेलेझ. काँगोतल्या किंशासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो जुने मुखवटे दुरुस्त करायचा. असं सांगतात, की त्याने केलेली पहिली मॉडेल्स बघून ही चोरीची असणार असा तिथल्या लोकांना संशय आला. पुठ्ठा, रंगीत कागद, शीतपेयांचे डबे, बाटल्यांची बुचं यांतून त्याने अख्खी शहरं उभी केली. १९८९ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनाने त्याला जगासमोर आणलं. १९९६ च्या 'व्हील फाँतोम' (भुतांचं शहर) या मॉडेलमध्ये पोलीस नाहीत, कारण त्यांची गरजच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. अल्बेर्तीने ज्याला आक्षेप घेतला, तो झगमगाट इथे ठासून भरलेला आहे. किंगेलेझ २०१५ मध्ये गेला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा व्हीआर (आभासी दृश्यं दाखवणारा) चष्मा लावून या शहरात फिरायचीही सोय होती. मला ती अनावश्यक वाटते. रस्त्यावर उतरलं की बुचांचे दिवे आणि डब्यांचे मनोरे इमारतीच वाटू लागतात, आणि ते बुच आहे हे कळण्यातली मजा जाते.