कोच आपला की बाहेरचा? फातोर्ड्याच्या वादामागचा इतिहास

मडगावजवळच्या फातोर्ड्यात खेळणाऱ्या एफसी गोवा या फुटबॉल क्लबचा कोच जाणार अशी कुणकुण लागली की आमच्या फोंड्यात भाजी-पावाच्या टेबलावर दोन नावं लगेच येतात. एक कुठल्या तरी स्पॅनिश माणसाचं, दुसरं गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडाचं. मग आवाज चढतात. एक जण म्हणतो, लोबेरा या जुन्या स्पॅनिश कोचच्या वेळचा खेळ पुन्हा बघायचा तर स्पेनमधूनच माणूस आणायला हवा. दुसरा विचारतो, गोंयकार, म्हणजे गोव्याच्या, कोचला पूर्वतयारीच्या शिबिरापासून शेवटच्या सामन्यापर्यंत एक अख्खा हंगाम कधी दिलात का? २०२० मध्ये हा वाद झाला, २०२१ मध्ये झाला, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात स्पॅनिश कोच मानोलो मार्केझचं काय होणार हे कळत नव्हतं तेव्हा पुन्हा झाला. नावं बदलतात, प्रश्न तोच राहतो. तो प्रश्न एफसी गोवापेक्षा वयाने मोठा आहे.

आधी शब्दाचा उलगडा. इंग्लंडमध्ये ज्याला मॅनेजर म्हणतात, त्याला आपल्याकडे कोच म्हणतात. गोव्यातल्या क्लबांत मॅनेजर म्हणजे खेळाडूंची कागदपत्रं, बसची वेळ आणि जर्सीच्या पिशव्या सांभाळणारा माणूस. तोही मोलाचाच, पण वाद त्याच्यावरून होत नाही.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ मध्ये, शिवोलीत, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंबरोबर. पुढे हडफड्याच्या शाळेतून आणि इतर चर्चच्या शाळांतून तो बार्देश, साष्टी, तिसवाडी या तालुक्यांत पसरला. भात कापून झालं की मोकळ्या शेतात गोलपोस्ट उभे राहायचे आणि वाडा वाड्याशी, गाव गावाशी खेळायचा. आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा भागात, तो जरा उशिरा मुरला. पण ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक देशाचा कर्णधार झाल्यावर हा खेळ अमक्यांचा आणि तो तमक्यांचा, असं म्हणायची सोय उरली नाही. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी घरांत घरच्या माणसाचा सन्मान व्हावा तसा आनंद झाला होता. गावच्या संघाला शिकवणारा माणूस गावचाच असे: गुडघा गेलेला जुना खेळाडू, नाहीतर शाळेतला मास्तर. ‘आपला कोच’ ही भावना तिथली आहे.

पुढे साळगावकर, धेंपो यांच्यासारख्या खाण व्यवसायातून उभ्या राहिलेल्या घराण्यांनी क्लब काढले. साळगावकरची स्थापना १९५६ ची. स्पर्धा गावाबाहेर गेली, तसा कोचही गावाबाहेरून येऊ लागला. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि गोव्याला तिचं पहिलं विजेतेपद १९९८-९९ मध्ये साळगावकरने मिळवून दिलं. त्या संघाचे कोच होते हैदराबादचे शब्बीर अली.

त्यानंतर आला आर्मांदो कुलासो यांचा काळ. आजच्या वादातलं सगळ्यात जड वजन याच काळात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. आर्मांदो मूळ गोव्याचेच. धेंपोच्या बाकावर ते दशकाहून जास्त काळ बसले. त्या काळात धेंपोने ५ वेळा देशाचं विजेतेपद जिंकलं: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. २००८ मध्ये संघ आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीत पोचला. रँटी मार्टिन्स आणि बेटो हे परदेशी होते, पण संघाचा कणा इथला होता: महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. माझ्या मते या यशाचं मर्म डावपेचांपेक्षा कालावधीत आहे. एखादा हंगाम वाईट गेला तरी पुढच्या पावसाळ्यात बाकावर तेच असत. पोरं त्यांच्या हाताखाली वाढली, लग्नं झाली, तिशी ओलांडली. एकाच माणसाला इतकी वर्षं देणारा दुसरा मोठा क्लब गोव्यात मला आठवत नाही.

पण बाहेरचा कोच हवा म्हणणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत लागोपाठ ७ हंगाम देशाचं विजेतेपद गोव्यात राहिलं, आणि ती सगळी कमाई एकट्या धेंपोची नव्हती. चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ चं विजेतेपद सर्बियाच्या झोरान जोर्जेविचबरोबर जिंकलं. साळगावकरने २०१०-११ मध्ये मोरोक्कोच्या करीम बेंचेरिफाच्या हाताखाली आय-लीग (राष्ट्रीय लीगचं २००७ पासूनचं नाव) आणि त्याच वर्षी फेडरेशन कपही जिंकला. चर्चिलच्या २०१२-१३ च्या विजेतेपदाच्या वेळी बंगालचे सुभाष भौमिक तांत्रिक संचालक होते आणि कोच म्हणून गोव्याचे मारियानो डायस. म्हणजे गोव्याच्या ९ राष्ट्रीय विजेतेपदांत ५ आर्मांदोंची, ३ सरळसरळ बाहेरच्यांची आणि एक दोघांच्या वाट्याचं. या हिशेबावर वाद मिटणं शक्यच नाही. ज्याला जे हवं ते त्याला त्यात सापडतं.

डेरिक परेरा यांची गोष्ट मात्र टेबलावर फारशी कुणी काढत नाही, आणि मला ते लागतं. गोव्याच्या या माणसाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली ती मुंबईच्या महिंद्र युनायटेडबरोबर. नंतर पुणे एफसीला त्यांनी २०१२-१३ मध्ये दुसऱ्या स्थानापर्यंत नेलं. महाराष्ट्रातल्या दोन क्लबांना गोव्याच्या कोचने वर आणलं, आणि आपण अजून विचारतो आहोत की गोंयकाराला हे जमेल का.

राष्ट्रीय संघाच्या बाबतीतही असाच अनुभव आला. २०११ मध्ये बॉब हौटननंतर आर्मांदोंना भारताची जबाबदारी मिळाली ती काही महिन्यांपुरती. त्यांच्यानंतर गोव्याच्याच सावियो मदेराने त्या डिसेंबरमध्ये दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० हरवून दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी खुर्चीवर हॉलंडचा विम कोवरमन्स होता.

मग २०१४ आलं. इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली आणि मैदानावर एकमेकांशी भांडणाऱ्या क्लबांचे मालक, श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर, एफसी गोवासाठी एकत्र आले. सोबत वेणुगोपाल धूत आणि विराट कोहली. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, आय-लीगला आयएसएलच्या खाली ढकलणाऱ्या राष्ट्रीय महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. आजचा वाद एवढा धारदार का, याचं उत्तर मला इथे दिसतं. २०१२-१३ मध्ये देशाच्या वरच्या लीगमध्ये गोव्याचे ४ क्लब होते, म्हणजे कोचच्या ४ खुर्च्या होत्या. एकीवर परदेशी, दुसरीवर बंगाली, तिसरीवर आपला, असं चालून जायचं. आता सगळ्यात वरच्या पातळीवर गोव्यात एकच खुर्ची आहे, फातोर्ड्याची. तिथे बाहेरचा बसला की आपल्यासाठी जागाच उरत नाही.

त्या खुर्चीवर पहिला बसला झिको. पोर्तुगीज बोलणारा, ब्राझीलचा दहा नंबर. साष्टीतल्या म्हाताऱ्यांना तर देव भेटल्यासारखं झालं. पहिल्या हंगामात उपांत्य फेरी, दुसऱ्यात अंतिम सामना, आणि तोही फातोर्ड्यात. २० डिसेंबर २०१५ ची ती रात्र मी विसरणार नाही. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला २-१ पुढे नेलं. मग एक स्वयंगोल, आणि भरपाई वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल. २-३. स्टेडियमबाहेर रस्ताभर माणसं नुसती उभी होती. पुढच्या हंगामात संघ तळाला गेला आणि झिको परतला.

२०१७ मध्ये सेर्जिओ लोबेरा आला आणि गोव्याच्या प्रेक्षकाची चवच बदलली. गोलरक्षकापासून पायापायाने पुढे जायचं, चेंडू उगाच उडवायचा नाही. स्पॅनिश आघाडीपटू कोरोमिनासचे गोल सगळ्यांना आठवतात, पण मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस यांच्यासारखी आपली मुलं त्या खेळात कशी फुलली हेही आठवायला हवं. २०१९ मध्ये आयएसएलचा अंतिम सामना जादा वेळेत बंगळुरूकडून ०-१ हरला, पण पुढच्याच महिन्यात सुपर कप आला: एफसी गोवाचा पहिला करंडक. बाहेरच्याचा आग्रह धरणाऱ्यांच्या मनात हा लोबेरा आहे, आणि त्यांचं प्रेम खरं आहे.

याच लोबेराला ३१ जानेवारी २०२० रोजी क्लबने दूर केलं. साखळीचे ३ सामने बाकी होते आणि संघ गुणतक्त्यात वर होता. जबाबदारी आली क्लिफर्ड मिरांडाकडे, आर्मांदोंच्या धेंपोत डाव्या बगलेवर धावणाऱ्या त्याच क्लिफर्डकडे. हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२, जमशेदपूरला ५-०. तीन सामन्यांत १४ गोल, साखळी विजेत्यांची शील्ड, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब हा मान. हे यश कुणाचं? लोबेराने शिजवलेलं क्लिफर्डने फक्त वाढलं, असं एक बाजू म्हणते. माझं मत असं, की अर्ध्या वाटेत कोच गेल्यावर ड्रेसिंग रूम विस्कटू न देणं हे कोचचंच काम आहे, आणि क्लिफर्डने ते केलं. उपांत्य फेरीत चेन्नईत १-४ हरल्यावर घरी ४-२ जिंकूनही एका गोलाने बाहेर जावं लागलं. हंगाम संपला तसं क्लिफर्डचं काम संपलं.

पुढचा कोच स्पेनचा हुआन फेरांडो. त्याच हंगामात लोबेरा मुंबई सिटीचा कोच होऊन, मंदारसह आपले काही खेळाडू घेऊन आला, आणि उपांत्य फेरीत बांबोळीच्या रिकाम्या मैदानावर गोव्याला पेनल्टींवर हरवून गेला. कोविडमुळे अख्खी लीग गोव्यात खेळली जात होती आणि आम्ही गोव्यात असून टीव्हीवर बघत होतो. फेरांडोचं कामही चांगलं होतं: चॅम्पियन्स लीगमध्ये ३ बरोबरी, नंतर ड्युरँड कप. पण डिसेंबर २०२१ मध्ये एटीके मोहन बागानने त्याच्या करारातलं रिलीज क्लॉज, म्हणजे ठरलेले पैसे भरून करार सोडवण्याचं कलम, वापरलं आणि तो हंगामाच्या मध्यावर निघून गेला. बाहेरचा माणूस सोडून जातो, हा मुद्दा वादात तेव्हापासून कायमचा आला.

रिकाम्या खुर्चीवर पुन्हा गोंयकार: डेरिक परेरा. संघ दुसऱ्याने निवडलेला, हंगाम अर्धा झालेला, खेळाडू बायो-बबलमध्ये कोंडलेले. संघ नववा आला. आजही कुणी आपल्या कोचचा आग्रह धरला की समोरचा म्हणतो, ‘डेरिकला दिलं होतं ना?’ ती संधी नव्हती, ती डागडुजी होती. एवढं मला ठामपणे म्हणायचं आहे.

२०२२ मध्ये क्लबचाच जुना बचावपटू कार्लोस पेन्या कोच झाला. संघ सातवा आला आणि बाद फेरी एका स्थानाने हुकली. २०२३ मध्ये मानोलो मार्केझ आला. आदल्याच वर्षी त्याने हैदराबादला आयएसएल जिंकून दिली होती, तीही फातोर्ड्यावर. त्याच्या हाताखाली गोवा पुन्हा वरच्या तिघांत आला. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईविरुद्ध ९०व्या मिनिटापर्यंत २-० पुढे असून २-३ हरलो, तरी त्याच्याविरुद्ध फारसं कुणी बोललं नाही. त्याच जुलैमध्ये महासंघाने त्याला भारताचा कोच नेमलं. वर्षभर दोन्ही नोकऱ्या, त्यानंतर पूर्ण वेळ देशाकडे, असं ठरलं होतं. मे २०२५ मध्ये त्याने जमशेदपूरला ३-० हरवून गोव्याला सुपर कप दिला आणि निरोपाचं वातावरण तयार झालं. पण भारताबरोबर ८ सामन्यांत एकच विजय मिळाला होता. जुलैमध्ये ते नातं तुटलं आणि तो फातोर्ड्याला राहिला. मधल्या त्या काही आठवड्यांत फोंड्यातल्या टेबलावर क्लिफर्डचं नाव जितकं घेतलं गेलं, तितकं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

कारण मधल्या काळात क्लिफर्ड थांबला नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये ओडिशा एफसीचा कोच गेल्यावर तिथेही त्यालाच तात्पुरता कोच म्हणून उभं केलं, आणि अंतिम सामन्यात बंगळुरूला २-१ हरवून त्याने ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. पुढच्या हंगामासाठी ओडिशाने पूर्ण वेळ कोच नेमला. त्याचं नाव सेर्जिओ लोबेरा.