वीजजाळ्यातील पहिले काही सेकंद

घरातील इन्व्हर्टरमुळे बॅटरीविषयी आपल्या मनात एकच कल्पना बसली आहे : वीज गेली की तिने दिवे-पंखे तासन्‌तास चालवावेत. म्हणूनच एखाद्या मोठ्या बॅटरी प्रकल्पाची बातमी आली की ‘हिच्यावर शहर किती दिवस चालेल?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेल येथे डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली लिथियम-आयन बॅटरी त्या वेळी जगात सर्वांत मोठी होती. तरीही तेव्हा तिची क्षमता १०० मेगावॉट आणि साठा १२९ मेगावॉट-तास, म्हणजे पूर्ण क्षमतेने वीज दिल्यास ती सव्वा तासात रिकामी होणार. तिचे मोल कळण्यासाठी सेकंदांच्या हिशेबात शिरावे लागते.

वीज तारांमध्ये साठत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, तेवढी त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. हा तोल वारंवारितेवरून, म्हणजे विजेच्या लहरीची सेकंदाला किती आवर्तने होतात यावरून कळतो. औष्णिक केंद्रातील जनित्राचा कित्येक टनांचा फिरता भाग, म्हणजे रोटर, मिनिटाला ३००० फेरे घेतो, तेव्हा ५० हर्ट्झची वीज मिळते. जात्यात एकदम जास्त दाणे पडले की हाताला ओढ लागते, दगड मंदावतो, पण त्याच्या अंगच्या गतीमुळे तो चटकन थांबत नाही. एखादा वीजनिर्मिती संच अचानक बंद पडला की जाळ्यातील उरलेले सर्व रोटर असेच आपली गतिज ऊर्जा देऊन तूट भरतात आणि किंचित मंदावतात. या जडत्वामुळे मिळालेल्या काही सेकंदांत वाफेच्या झडपा अधिक उघडतात. डिसेंबर २०१३ मध्ये रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले, तेव्हापासून देशात कुठेही संच बंद पडला तरी कोयनेची जनित्रेही तसूभर मंदावतात.

सौर पॅनेलमध्ये मात्र फिरणारे काहीच नसते आणि आधुनिक पवनचक्क्यांची गती इलेक्ट्रॉनिक यंत्रणेआड राहते, त्यामुळे त्यांचा वाटा वाढला की तूट पडल्यावर वारंवारिता अधिक वेगाने घसरते. २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने दक्षिण ऑस्ट्रेलियातील पारेषण मनोरे कोसळले. विद्युतदाब वारंवार खाली गेल्याने अनेक पवन प्रकल्पांच्या संरक्षक यंत्रणांनी एकूण ४५६ मेगावॉट निर्मिती थांबवली. सारा भार व्हिक्टोरियाकडील वाहिनीवर आला आणि तीही आपोआप बंद पडली. एकाकी पडलेल्या राज्यात वारंवारिता सेकंदाला सुमारे ६ हर्ट्झ या वेगाने कोसळली, स्वयंचलित भारकपातीला वेळच मिळाला नाही आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले.

बॅटरीला झडप उघडायची नसते. तिचा इन्व्हर्टर सेकंदाच्या अंशात वीज सोडतो. १४ डिसेंबर २०१७ रोजी व्हिक्टोरियातील लॉय यांग केंद्राचा ५६० मेगावॉटचा संच बंद पडला, तेव्हा सुमारे १००० किलोमीटर दूरच्या हॉर्न्सडेलने जवळपास ७ मेगावॉट वीज तत्काळ दिली. ‘बॅटरीने जाळे वाचवले’ असा त्यानंतर झालेला गाजावाजा मला मान्य नाही, कारण ५६० पुढे ७ म्हणजे काहीच नव्हे आणि उरलेली तूट इतर केंद्रांनीच भरली. त्या दिवशी दिसला तो तिचा चपळपणा.

याहून सुंदर बदल २०२२ मध्ये झाला. साधा इन्व्हर्टर जाळ्याच्या विद्युतदाबाची लहर पाहून तिच्या मागे चालतो. हॉर्न्सडेलच्या इन्व्हर्टरना आता रोटरसारखी स्वतःची लहर राखण्याची आज्ञावली दिली आहे. जाळ्याची लहर मागे पडू लागताच दोन लहरींमध्ये कोनाचा फरक पडतो आणि त्या फरकामुळेच, वारंवारिता मोजून होण्याची वाट न पाहता, बॅटरीतून वीज जाळ्याकडे वाहू लागते.