दहा हजार बोटुकली सोडली म्हणजे महसीर वाचला? संख्या वेगळी, जनुकीय विविधता वेगळी

नदीत महसीर या गोड्या पाण्यातल्या मोठ्या माशाची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडल्याचे फोटो आले की खाली हमखास लिहिलेलं असतं, "संवर्धन झालं, जैवविविधता वाढली". संख्या वाढली हे मान्य, पण विविधता वाढली हे कुणी तपासलं? हा घोळ इतक्यांदा वाचलाय की आता एकदा नीट लिहितोच.

संख्या म्हणजे डोहात मासे किती, ते सगळ्यांनाच कळतं. जनुकीय विविधता म्हणजे त्या माशांमध्ये एकेका जनुकाची किती वेगवेगळी रूपं आहेत. रोग आला, पाणी तापलं, तर त्यातली कुठली तरी रूपं तगून जातात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

खरी गफलत पुढे आहे. विविधता पिल्लांच्या संख्येवरून ठरत नाही, आईबाप किती होते त्यावरून ठरते. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या भांड्यात घेतात, त्यावर नराचं वीर्य पिळतात, पिसाने ढवळतात आणि मग पाणी घालतात. एक मोठी मादी हजारो अंडी देते, त्यामुळे मोजक्याच माशांतून दहा हजार पिल्लं सहज निघतात आणि ती सगळी सख्खी नाहीतर सावत्र भावंडं. समजा १० माद्या आणि फक्त २ नर वापरले. जनुकांच्या दृष्टीने पालक किती ठरतात त्याचा हिशोब असा, नर गुणिले माद्या गुणिले ४, भागिले दोघांची बेरीज, म्हणजे ८० भागिले १२, जेमतेम ७. सोडली दहा हजार, पण जनुकांच्या हिशोबाने पालक सातच, आणि एका पिढीत विविधता साधारण साडेसात टक्क्यांनी घटते. त्याच १० माद्यांना १० नर दिले तर आकडा २० होतो, घट अडीच टक्क्यांवर येते. नर वाढवायला असा कितीसा खर्च येतो? आणि नर जास्त घेतले तरी सगळ्यांचं वीर्य एकाच भांड्यात मिसळू नका, ज्याचं जोरदार त्याचीच पिल्लं जास्त होतात. मला तर ही पद्धत अजिबात पटत नाही, प्रत्येक नराला अंड्यांचा वेगळा वाटा द्यायला हवा.

नदीत मुळचे मासे आहेतच की, असं कुणी म्हणेल. पण ते थोडे असले आणि वरून ही भावंडं लोटली, तर पुढच्या पिढीत यांचाच भरणा होतो आणि अख्ख्या नदीची विविधता खाली येते. रायमन आणि लाइक्रे या शास्त्रज्ञांनी हे १९९१ मध्येच मांडलंय. मासे नंतर पुन्हा वाढतील, पण जनुकाचं एखादं रूप त्या नदीतून पूर्ण गेलं की मासे कितीही वाढले तरी ते परत येत नाही.

मग बाहेरचे मासे आणून विविधता वाढवू, हा दुसरा गैरसमज. कावेरीचं काय झालं बघा. तिथला मूळचा महसीर कुबडाचा, शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या हॅचरीतला टॉर खुद्री, म्हणजे सायक्स या इंग्रज अभ्यासकाने १८३९ मध्ये आपल्या मुळा-मुठेतून नोंदवलेला मासा, तिकडे सोडला गेला. गळाला महसीर जास्त लागायला लागले, लोक खूश. पण वाढला तो खुद्री, कुबडाचा संपत चालला आणि २०१८ मध्ये त्याची नोंद थेट अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाने मासेमारी हेही आहेच, पण नुसते मासे मोजत बसल्यामुळे हे इतकी वर्षं कुणाच्या नजरेत भरलं नाही.

महाडजवळच्या वाळणकोंडातले देवाचे मासे, तेही महसीरच, बघून पण लोक म्हणतात, इथे भरपूर आहेत, काळजी नाही. तो डोह देवीच्या नावाने राखलाय ते फार मोलाचं आहे, आणि माझ्या मते असे डोह राखणं हॅचरीच्या आधी यायला हवं. पण दाटीने मासे दिसले म्हणून विविधता पण भरपूर असेलच असं नाही, ती माशाच्या पोहायच्या पराचा छोटा तुकडा घेऊन डीएनए तपासल्यावरच कळते. आणि सोडायचेच असतील तर पालक त्याच नदीतले घ्या, दरवर्षी बदला आणि बातमीत पिल्लांच्या आकड्याशेजारी नर किती, माद्या किती, तेही छापा.