घरातला नॅस, चित्रफितींचा संग्रह आणि २०२४ चा निर्णय : पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४ मध्ये घरगुती नॅस, म्हणजे घरातल्या सर्व उपकरणांना नेटवर्कवरून फाइली पुरवणारी डिस्कची पेटी, बनवणाऱ्या तैवानमधील एका मोठ्या कंपनीने आपल्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आणली आणि तिच्यातून व्हिडिओ पाहण्याचे स्वतःचे अ‍ॅप काढून टाकले. एचईव्हीसी (चित्रफिती कमी जागेत दाबून साठवण्याचे एक स्वरूप) आणि आणखी काही स्वरूपांतील चित्रफिती यंत्रातच उलगडून दुसऱ्या स्वरूपात टीव्हीकडे पाठवण्याची सोयही त्याच आवृत्तीत बंद झाली. ठाण्यात आणि नवी मुंबईत ज्यांनी घरचा संग्रह अशा यंत्रावर उभा केला होता, त्यांच्यापुढे तेव्हापासून अपडेट घ्यायचे की टाळायचे हा पेच आहे. हा पेच एका दिवसात तयार झालेला नाही. त्यामागे वीस-पंचवीस वर्षांच्या सवयी आहेत आणि त्यांचा इथल्या विजेशी, केबलवाल्यांशी आणि घरातल्या समारंभांशी जवळचा संबंध आहे.

नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची मूळ तंत्रे जुनी आहेत. एनएफएस १९८४ साली आले, अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडण्याची रेडची कल्पना १९८८ च्या एका शोधनिबंधात मांडली गेली आणि लिनक्सच्या यंत्रातील फोल्डर विंडोजच्या संगणकांना दिसू देणारे सांबा १९९२ पासून आहे. ही सारी कार्यालयांची आणि विद्यापीठांची गरज होती. घरातल्या नॅसच्या पोटात आजही हीच तंत्रे आहेत, एवढे सांगून पुढे जाता येते.

इथल्या मध्यमवर्गीय घरांतील डिजिटल संग्रहाची सुरुवात व्हीसीडीपासून, म्हणजे व्हिडिओ सीडीपासून, झाली. १९९३ साली ठरलेल्या या स्वरूपात चित्राचा आकार ३५२ बाय २८८ आणि व्हिडिओचा वेग सेकंदाला ११५० किलोबिट असे; एका सीडीवर साधारण ७४ मिनिटे मावत, त्यामुळे दोन अंकी नाटकाला दोन किंवा तीन सीडी लागत. मराठी नाटकांच्या व्हीसीडी २००० नंतरच्या दशकात भरपूर निघाल्या आणि गडकरी रंगायतनच्या पायऱ्या नेमाने चढणाऱ्या घरांतही त्या आवर्जून घेतल्या गेल्या. लग्नामुंजीचे चित्रीकरण करणारेही हळूहळू व्हीएचएस सोडून सीडी देऊ लागले. खाडीकाठच्या दमट हवेत व्हीएचएसच्या फितीला बुरशी लागते आणि स्वस्त कोऱ्या सीडीवर लिहिलेली माहिती काही वर्षांनी वाचता येईनाशी होते, हे पुढे ज्यांनी ज्यांनी कपाट उघडले त्यांना कळले. यांतील कितीतरी चित्रीकरणे आज कोणत्याही ओटीटीवर मिळत नाहीत, आणि घरच्या समारंभांची तर मिळण्याचा प्रश्नच नाही.

त्याच काळात केबलवाल्यांनी गच्चीगच्चीवरून वायरी टाकून इंटरनेट द्यायला सुरुवात केली. बाहेरचा वेग ६४ किंवा १२८ केबीपीएस असे, पण एकाच लॅनवरील (स्थानिक जाळ्यावरील) इमारतींना आपापसात १०० एमबीपीएस मिळू शकत. विंडोजमध्ये नेटवर्क उघडले की समोरच्या इमारतीतील कोणा अनोळखी माणसाचे शेअर केलेले फोल्डर दिसत आणि त्यांतून चित्रपट उतरवून घेतले जात. नेटवर्कवरच्या संग्रहाशी अनेकांची पहिली ओळख अशी झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने खासगी वापरासाठीच्या सवलतीची व्याप्ती संगणक प्रणाली वगळता सर्व प्रकारच्या कृतींपर्यंत वाढवली, आणि त्याच दुरुस्तीने डिजिटल कुलूप तोडण्याविरुद्धचे कलम ६५ए आणले, जे हक्कभंगाच्या हेतूशी जोडलेले आहे. स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतःपुरती उतरवणे यात नेमके कुठे बसते यावर मतभेद होऊ शकतात. शेजारच्या फोल्डरमधून उचललेल्या प्रतीबाबत मतभेदाला फारशी जागा नाही.

यंत्र रात्रंदिवस चालू ठेवण्याची सवयही याच दशकातली. सरकारी दूरध्वनी कंपनीचे ब्रॉडबँड २००५ मध्ये आले आणि तिच्या रात्री अमर्याद वापराच्या योजनांमुळे संगणक झोपेच्या वेळी कामाला लावण्याची पद्धत पडली. मात्र त्याच सुमारास राज्यात भारनियमन होते आणि मुंबई शहराला लाभलेली अखंड वीज ठाण्याला नव्हती. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कवरील फाइल अर्धवट राहते. इन्व्हर्टर घरात असला तरी तो यंत्राला काही कळवत नाही. बॅटरी संपेपर्यंत यंत्र चालते आणि मग एकदम बंद पडते. नॅसला यूएसबीच्या वायरीने जोडलेला छोटा यूपीएस मात्र वीज गेल्याचा संदेश देतो आणि यंत्र स्वतःहून नीट बंद होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा पुरवठा एकाच वेळी खंडित झाला, तेव्हा पाच-सहा हजारांच्या या वस्तूची उपयुक्तता घरून काम करणाऱ्यांनाही पटली.

संग्रह टीव्हीपर्यंत नेण्याचे प्रयत्न २००३ पासून सुरू होते. उपकरण उत्पादकांनी त्या वर्षी टीव्ही, संगणक अशी उपकरणे एकमेकांशी जुळावीत म्हणून डीएलएनए या मानकासाठी आघाडी केली. एका गेमिंग यंत्रावर चालणारा हौशी मीडिया प्लेअर वाढत जाऊन २०१४ मध्ये कोडी या नावाने ओळखला जाऊ लागला आणि त्याच्याच एका शाखेतून प्लेक्स हा मीडिया सर्व्हर, म्हणजे संग्रहातील चित्रफिती टीव्हीला आणि फोनला पुरवणारी प्रणाली, निघाला. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडच्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाल्यावर भाव भडकले आणि घरगुती खरेदी काही काळ थंडावली. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, ओटीटीचे वर्गणीदार वाढले आणि घरी काही साठवावे का, असे विचारले जाऊ लागले. दरम्यान ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे आणि महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली. ज्या क्लाउडला आपण दूर कुठेतरी समजतो, त्याच्या इमारती नवी मुंबईकर रोज बसच्या खिडकीतून पाहतात.

संग्रहाला पुन्हा गती आली ती फोनमुळे. २०१७ च्या अखेरीपासून एका लोकप्रिय फोनने व्हिडिओ एचईव्हीसीमध्ये नोंदवायला सुरुवात केली आणि इतरांनीही तो पर्याय दिला. उत्पादकाने दिलेल्या आकड्यांनुसार फोरके चित्रणाला सेकंदाला ३० चौकटींच्या वेगाने मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, जुन्या एच.२६४ स्वरूपात तेच चित्रण सुमारे ३५० एमबी घेते. वीस मिनिटांच्या बारशाला सात जीबीऐवजी साडेतीन जीबी, हा फरक मोठा आहे आणि म्हणूनच हे स्वरूप घराघरांत न सांगता शिरले. एचईव्हीसी म्हणजे काय हे ज्या आजी-आजोबांना कधी विचारावेसे वाटले नाही, त्यांच्या नातवंडांचे सगळे चित्रण त्याच स्वरूपात आहे.

मराठी संग्रहाची एक अडचण कोणत्याच माहितीपत्रकात नसते. चित्रपटांची नावे ओळखून पोस्टर लावणाऱ्या प्रणाली नाटकांपुढे आणि घरच्या समारंभांपुढे हतबल होतात, त्यामुळे फाइलीचे नाव हीच ओळख ठरते. काही नॅसमध्ये फोल्डर कूटबद्ध केले, म्हणजे संकेतशब्दाशिवाय वाचता येणार नाही असे केले, तर नावाला १४३ बाइट्सची मर्यादा येते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘दादांच्या षष्ट्यब्दीपूर्तीचे संपूर्ण चित्रीकरण भाग एक’ हे साधे नाव १४९ बाइट्सचे भरते आणि यंत्र ते नाकारते.

आता अपडेटच्या प्रश्नाकडे. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्याच एका उत्पादकाच्या नॅसवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला. फाइली कुलूपबंद करून प्रत्येकाकडून ०.०१ बिटकॉइन मागितले गेले. जानेवारी २०२२ मध्ये त्याच उत्पादकाच्या यंत्रांवर दुसरा हल्ला झाला आणि या वेळी मागणी ०.०३ बिटकॉइनची होती. राउटरचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून यंत्र थेट इंटरनेटवर ठेवणाऱ्यांना सर्वाधिक झळ बसली. डिस्क आरशासारख्या, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर राहील अशा, जोडलेल्या असल्याने आपण सुरक्षित आहोत असे मानणाऱ्यांच्या दोन्ही डिस्कवर कुलूपबंद फाइलीच उरल्या. उत्पादकाने त्यानंतर सुरक्षेचे अपडेट अनेक यंत्रांवर मालकाला न विचारता बसवले. ते योग्य होते की अयोग्य याबद्दल तेव्हाही वाद झाला, पण नॅसचे अपडेट टाळू नये हा धडा त्या दोन वर्षांत सर्वमान्य झाला.

२०२४ चा निर्णय याच धड्यावर येऊन आदळला. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि काढून घेतलेली सोय एकाच पुडक्यात आली. नवी आवृत्ती बसवल्यावर मागे फिरण्याचा अधिकृत मार्ग ठेवलेला नव्हता. जुन्या आवृत्तीसाठी महत्त्वाच्या दुरुस्त्या काही काळ मिळत राहिल्या, पण तो काळ मर्यादित असणार हे उघड होते.

कंपनीची बाजू पोकळ नाही. आजचे फोन आणि टीव्ही एचईव्हीसी स्वतः उलगडू शकतात, मग तेच काम यंत्राने करून वीज आणि प्रोसेसर का खर्च करावा, असे तिचे म्हणणे होते. पेटंटचे शुल्क हे खरे कारण असल्याचा निष्कर्ष ग्राहकांनी आणि जाणकारांनी काढला. २०१३ साली मंजूर झालेल्या या स्वरूपाचे पेटंटधारक एका छत्राखाली नाहीत. त्यांचे एकापेक्षा अधिक गट झाले आणि उपकरणामागे कोणाला किती द्यायचे याचा गुंता वर्षानुवर्षे सुटला नाही, हे पाहता तो निष्कर्ष अवाजवी म्हणता येत नाही. शिवाय २०२२ पासून याच कंपनीच्या काही लोकप्रिय मॉडेलांत ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर आला होता, त्यामुळे रूपांतराची ताकद यंत्रातून आधीच कमी होत होती. जे प्रोसेसरमध्ये दोन वर्षांपूर्वी दिसले ते अ‍ॅपमध्ये नंतर आले, इतकेच.

तरीही आक्षेप घेणाऱ्यांचे पारडे जड वाटते. नव्या खरेदीदाराला सोय नाकारणे आणि जुन्या खरेदीदाराकडून ती काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीपत्रकात वाचून, पैसे मोजून घेतलेली क्षमता विकणाऱ्याने परत नेली आणि त्याची भरपाई दिली नाही. दुसरे असे की सगळे टीव्ही नवे असतात हे गृहीतक इथल्या घरांना लागू पडत नाही. दिवाणखान्यात नवा टीव्ही आल्यावर २०१३-१४ चा जुना टीव्ही आईवडिलांच्या खोलीत जातो, आणि नातवंडांचे व्हिडिओ सर्वांत जास्त तिथेच पाहिले जातात. अशा टीव्हीला बहुधा एचईव्हीसी कळत नाही. छायाचित्रांच्या संग्रहातही फोनने टिपलेल्या चित्रफितींची लहान चित्रे तयार करण्याचे काम यंत्राकडून फोनवरील किंवा संगणकावरील वेगळ्या साधनाकडे गेले, त्यामुळे वर्षानुवर्षे आपोआप होणारे काम घरातील कोणा एकाच्या गळ्यात पडले.

पर्याय होते आणि आहेत. एका मीडिया सर्व्हरने आपला मूळ कोड बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्यापासून जेलीफिन वेगळे झाले; ते मोफत आहे आणि इंटेलचा प्रोसेसर असलेल्या नॅसवर कंटेनरमध्ये, म्हणजे इतर प्रणालींपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालते. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवरचे छोटे संगणक एचईव्हीसी आणि त्यानंतरचे एव्ही१ हे स्वरूप दोन्ही सहज उलगडतात आणि प्रोसेसरचे मानांकन अवघ्या ६ वॅटचे आहे. नॅसने साठवायचे आणि शेजारच्या छोट्या संगणकाने दाखवायचे, अशी विभागणी त्यामुळे रूढ होत आहे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक दुकानदारांना या जोडीचे गणित सांगावे लागत नाही, परंतु ज्याने ‘एका डब्यात सगळे’ म्हणून नॅस घेतला होता, त्याला हा दुसरा खर्च आहे.

बाहेरून संग्रह पाहण्याच्या बाबतीतही सोयी आकसल्या. अनेक फायबर जोडण्यांवर ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर बाहेरून गाठता येईल असा पत्ता, मिळत नाही, त्यामुळे पुण्यातल्या बहिणीला किंवा परदेशातल्या मुलाला घरच्या यंत्राशी थेट जोडता येत नाही. व्हीपीएन (इंटरनेटवरून घरापर्यंतची खासगी वाट) किंवा मधला सर्व्हर लागतो. एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने घराबाहेरून स्वतःचाच संग्रह पाहण्यासाठी शुल्क लावले आणि आजीवन सभासदत्व १२० डॉलरवरून २५० डॉलरवर नेले.

त्याच महिन्यात तैवानच्या त्या कंपनीने २०२५ च्या काही नव्या मॉडेलांत स्वतःच्या किंवा स्वतः प्रमाणित केलेल्याच डिस्क चालतील, असे जाहीर केले. विश्वासार्हतेचे जे कारण तिने दिले त्याला थोडा आधार होता. २०२० मध्ये एका डिस्क उत्पादकाने नॅससाठी म्हणून विकलेल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये एसएमआर तंत्र वापरल्याचे उघड झाले होते. या तंत्रात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून मधला एक पट्टा बदलायचा तर पुढचे अनेक पुन्हा लिहावे लागतात, आणि बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून संग्रह पुन्हा बांधताना यंत्र दिवसेंदिवस अडकते किंवा डिस्कच नाकारते. ग्राहकांना हे खरेदीपूर्वी सांगितलेले नव्हते. पण अशी डिस्क ओळखून नाकारणे आणि इतर सर्वांच्या उत्तम डिस्कना दार बंद करणे यांत अंतर आहे, आणि ते ग्राहकांनी दाखवून दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्तीसोबत हार्ड डिस्कपुरती ही अट मागे घेण्यात आली.

रूपांतराची सोय परत आलेली नाही. काही जणांनी आपली यंत्रे अजून जुन्या आवृत्तीवरच ठेवली आहेत. त्यांनी राउटरमध्ये त्या यंत्राचा इंटरनेटशी संपर्क बंद केला आहे, घरातल्या वायफायवर चित्रफिती पूर्वीसारख्या दिसतात, आणि दुसरी प्रत दर महिन्याला एका बाहेरच्या डिस्कवर काढून ती नातेवाइकांच्या घरी ठेवली जाते.