कुठून घेतलंस? शाळेतल्या संदर्भलेखनाची पार्श्वभूमी

नववीच्या प्रकल्पवह्या तपासताना एक वही हातात आली. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, शीर्षकाखाली दुहेरी रेघ. तिसऱ्या पानावर एका वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात आकडा होता : [२]. विकिपीडियाच्या पानावर या आकड्याला स्पर्श केला की तळटीप उघडते आणि ती माहिती कुठल्या पुस्तकातून आली ते कळतं. मुलाने आकडा काळजीपूर्वक काढला होता, पण तळटीप संगणकावरच राहिली होती. "हा दोन कशाचा रे?" असं विचारलं तर म्हणाला, "माहीत नाही बाई, तिथे होता."

त्या मुलाने चोरी केली असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. समोर दिसलं ते त्याने इमानेइतबारे उतरवलं. उतरवून घेणं हेच तर आम्ही त्याला पहिलीपासून शिकवत आलो होतो.

आपल्या शाळांत 'कॉपी' या शब्दाचा अर्थ परीक्षेच्या हॉलपुरता आहे. चिठ्ठ्या, शेजाऱ्याचा पेपर, भरारी पथक. त्यासाठी महाराष्ट्रात १९८२चा स्वतंत्र कायदा आहे. पण फळ्यावरचा निबंध उतरवून घ्यायचा, गाईडमधलं उत्तर पाठ करायचं आणि जसंच्या तसं लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवायचे, याला कुणी कॉपी म्हणत नाही. त्याला अभ्यास म्हणतात. ती वाक्यं मुळात कुणाची, हा प्रश्न वर्गात कधी येतच नाही.

प्रकल्प आले तेव्हाही तो आला नाही. पर्यावरण हा विषय सगळ्या स्तरांवर शिकवावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. त्यानंतरच्या काळात पर्यावरणाचे प्रकल्प शाळांत रुजले. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभराच्या कामावरून मुलांना जोखण्याची पद्धत, आलं आणि 'माहिती मिळवा', 'संग्रह करा' अशी कामं खालच्या वर्गांपासून सुरू झाली. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात तयार चित्रांचे तक्ते मिळत होतेच, पुढे घरोघरी इंटरनेट आलं. मुलांना देण्याचं काम बदललं, सवय मात्र तीच राहिली. माहिती कुठून मिळाली ते कसं लिहायचं, हे सांगणारा तास वेळापत्रकात कुठेच नव्हता.

संदर्भ देणं ही इंग्रजी विद्यापीठांची रीत आहे, आपल्याकडे ज्ञान सगळ्यांचं असतं, असं शिक्षकांच्या बैठकीतसुद्धा ऐकायला मिळतं. मला ते मुळीच पटत नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्कृत कवी राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात दुसऱ्याचं काव्य उचलण्याला 'हरण' म्हटलं आणि त्याचे प्रकार लावून दिले. शब्द किती उचलला? एक पद, एक चरण, अर्धा श्लोक, की सगळी रचनाच? अर्थाची उचल त्याने वेगळी मोजली. त्यातला पहिला प्रकार 'प्रतिबिम्बकल्प' : अर्थ सगळा तोच, फक्त वाक्यरचना वेगळी. दहावीची मुलं 'मी माझ्या शब्दांत लिहिलंय' म्हणून जे दाखवतात ते बऱ्याचदा नेमकं हेच असतं. राजशेखराने तो प्रकार टाकाऊ ठरवला आहे. कुणाकडून काहीच घेऊ नका, असं मात्र तो म्हणत नाही. घेतलेल्यात स्वतःचं काय घातलं, हे तो बघतो.

मराठीपुरतं बोलायचं तर शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव सांगतात : 'तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारातें वाट पुसतु'. कुणाच्या मागून गेलो आणि कुणाला वाट विचारली, हे त्यांनी ग्रंथातच नोंदवून ठेवलं. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण पाठभेद शिरून मूळ मजकूर गढूळ झाला होता. त्यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखी होईल, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्याचं आपलं म्हणून सांगू नये, तसंच आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. आज कुणाच्याही नावावर सुविचार फिरत असताना मुलांना ही दुसरी बाजू आवर्जून सांगावी लागते.

हस्तलिखितात शब्द सलग धावत. दुसऱ्याचे शब्द कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे 'म्हणे', 'इति' यांवरून ओळखायचं. अवतरणचिन्हं छपाईबरोबर आली आणि मराठीत विरामचिन्हं रूढ करण्यात पुण्यात राहिलेले इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. मुलांना हे सांगितलं की त्या चार लहानशा खुणांकडे ती जरा आदराने बघतात.

आणि मग पुणं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तोच मुळी बखरीतली विधानं अस्सल पत्रांशी ताडून बघण्याचा आग्रह धरत. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं आणि १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था. भांडारकरमध्ये १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती, १२५९ हस्तलिखितं ताडून. तिचं एक पान वर्गात दाखवावं. वर थोडेसे श्लोक आणि खाली बारीक टाइपात कुठल्या पोथीत कोणता शब्द वेगळा आहे त्याची नोंद. जिथे संपादकांना पाठाची पुरती खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. हे काम लॉ कॉलेज रस्त्यावर झालं. आमची मुलं त्याच रस्त्याने क्लासला जातात, पण त्या पानाची ओळख त्यांना शाळेत कुणी करून दिली नाही.

शाळेपर्यंत हा विषय पोचला तो उलट्या दिशेने, शिक्षेच्या भाषेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षेच्या पायऱ्या. हे नियम उच्च शिक्षणासाठी आहेत, शाळांना लागू नाहीत. तरी भावंडांच्या प्रबंधांमुळे टक्केवारी घरात आली आणि अकरावीची मुलं विचारू लागली, "बाई, किती टक्के चालतं?" नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटजीपीटी आल्यावर तर प्रत्येक वाक्य नवं करून मिळतं, साम्य जवळजवळ दिसतच नाही. आकड्यावर बांधलेली शिकवण तिथे कोसळते.

म्हणून आता आम्ही सुरुवात मोजणीपासून करत नाही. गेल्या वर्षी विषय दिला पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. अट एकच : किमान एक छापील साधन आणि किमान एक माणूस. नारायण पेठेतल्या एका मुलीने आजीला विचारलं. आजीच्या आठवणीत पाणी जितक्या वाजता दारात आलं, ती वेळ वर्तमानपत्राच्या कात्रणातल्या वेळेशी जुळेना. ती वही घेऊन आली, "बाई, कोणतं लिहू?"

"दोन्ही लिही. कुणी काय सांगितलं तेही लिही."

तिने वर्तमानपत्रातली वेळ मजकुरात ठेवली, आजीची पानाच्या तळाशी, आणि आजीच्या वेळेखाली पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढली. शेवटच्या पानावर 'संदर्भ' असं लिहून पहिल्या ओळीत कात्रण आणि त्याची तारीख, दुसऱ्या ओळीत 'माझी आजी, वय ७९, स्वयंपाकघरातल्या गप्पा, रविवार संध्याकाळ'.